एकाच दिव्याचे दोन उजेड



पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या पूर्वेला खोडद नावाचे गाव आहे. तेथे आणि आसपासच्या शिवारांत लोखंडी जाळीच्या तीस प्रचंड ताटल्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. एकेका ताटलीचा व्यास ४५ मीटर. ही जगातील एक मोठी रेडिओ दुर्बीण आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, तेथे विज्ञान प्रदर्शन भरते आणि खेड्यापाड्यांतून हजारो माणसे ते पाहायला जातात.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील पंधरावीस शेतकरी आणि शाळेची मुले घेऊन मीही गेलो होतो. परतताना आमच्यातील एका वृद्ध शेतकऱ्याने मला विचारले, "साहेब, ह्या ताटल्या आभाळातलं काय पाहतात?"

मी म्हणालो, "आबा, पाहत नाहीत, ऐकतात. आकाशातून रेडिओच्या लहरी येतात, त्या पकडतात."

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "डोळ्यांनी पाहिलेलं सुद्धा खोटं निघतं. मग नुसतं ऐकून खरंखोटं कसं ठरवता?"

त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. नंतर पुस्तके आणि जाणकारांची मदत घेऊन मी या विषयाची माहिती गोळा केली. आबांच्या प्रश्नाचे उत्तर एका खऱ्या हकिगतीत सापडले. ती हकिगत आज तुमच्यापुढे ठेवतो. पण आधी माझ्याच एका चुकीची गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल.

दोन पिशव्यांची गोष्ट

मी नोकरीत नवा होतो. दोन सख्ख्या भावांनी आपापल्या शेतातील मातीचे नमुने तपासणीला दिले होते. अहवाल आले. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश, सगळे आकडे दोन्ही कागदांवर सारखे. अगदी दशांशापर्यंत सारखे! मला वाटले, एकाच शिवारातली जमीन आहे, असणारच सारखी. मी दोघांनाही एकच खतांचा हिशोब लिहून दिला.

थोरल्याचा हरभरा चांगला आला. धाकट्याचा मात्र विरळ उगवला आणि उगवला तोही पिवळा पडला. मी रानात जाऊन पाहिले तर जमीन चोपण. तिला आधी जिप्सम घालायला हवे होते. मग चौकशी केली. ज्या पोराला माती आणायला पाठवले होते त्याने ओढा ओलांडायचा कंटाळा केला आणि दोन्ही पिशव्या थोरल्याच्याच शेतात भरल्या.

पोराची चूक होतीच, पण मोठी चूक माझी. दोन जागची माती शेवटच्या आकड्यापर्यंत सारखी निघाली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती की हे दोन नमुने नसून एकच आहे. आणि नुसती शंका घेऊन भागत नाही, ती तपासावी लागते. त्या भावाचा एक हंगाम गेला आणि मला आयुष्यभराचा धडा मिळाला.

आता पाहा, हाच प्रश्न १९७९ साली आकाशाच्या बाबतीत कसा उभा राहिला.

क्वासार म्हणजे काय?

आपली सूर्यमाला जिच्यात आहे ती आकाशगंगा अब्जावधी ताऱ्यांची बनलेली आहे. अशा इतर असंख्य दीर्घिका विश्वात आहेत. काही दीर्घिकांच्या मध्यभागी अतिशय वजनदार कृष्णविवर असते. त्याच्याकडे ओढला जाणारा वायू इतका तापतो की त्याच्या उजेडापुढे त्या दीर्घिकेतील सारे तारे फिके पडतात. असा झगझगता मध्य म्हणजे क्वासार. फार दूर असल्याने दुर्बिणीतून तो साध्या ताऱ्यासारखा ठिपका दिसतो. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी असल्या एका 'ताऱ्याचे' खरे अंतर ओळखले, तेव्हा क्वासारची ओळख पटली.

काही क्वासार रेडिओ लहरीही जोराने पाठवतात. म्हणून त्यांचा शोध घेण्याचा एक मार्ग असा: आधी रेडिओ दुर्बिणीने आवाज कोठून येतो ते शोधायचे आणि मग साध्या दुर्बिणीने त्या जागी काय आहे ते पाहायचे. बैलाच्या घुंगरांचा आवाज आधी ऐकू यावा आणि मग कंदील उचलून बैल कोणाचा ते पाहावे, तसेच हे.

जागा चुकता चुकता सापडली

इंग्लंडमध्ये जॉड्रेल बँक येथे ७६ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण आहे. १९७२-७३ मध्ये तिने आकाशाच्या काही भागाची पाहणी केली आणि शेकडो रेडिओ उगमांची यादी बनवली. या कामात डेनिस वॉल्श हे शास्त्रज्ञ होते.

एकट्या ताटलीची अडचण अशी, की तिची नजर अंधूक असते. आवाज येतो, पण नेमका कोठून ते कळत नाही. या पाहणीत दुर्बिणीला एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा पौर्णिमेच्या चंद्राच्या जवळपास निम्म्या रुंदीचा होता. सप्तर्षी तारकासमूहाच्या भागातील एका उगमाबाबत घोटाळा झाला. जवळच एनजीसी ३०७९ नावाची एक दीर्घिका होती. तीही रेडिओ लहरी पाठवत होती आणि दोघांचे आवाज एकमेकांत मिसळले होते.

मग अमेरिकेतील ग्रीन बँक येथील मोठ्या दुर्बिणीने रिचर्ड पोर्कस यांनी जागा पुन्हा मोजली. अॅन कोहेन यांनी आकाशाच्या छायाचित्रांत त्या जागी काय आहे ते शोधले. तेथे अगदी शेजारी-शेजारी दोन निळसर ठिपके होते, पण रेडिओने दाखवलेल्या जागेपासून जरा बाजूला. 'जागा जुळत नाही' म्हणून हे ठिपके यादीतून काढून टाकता आले असते. पण क्वासार बहुधा निळसर दिसतात, हे ध्यानात ठेवून त्यांची नोंद ठेवली गेली. ती एक ओळ वहीत राहिली म्हणून पुढचा सारा इतिहास घडला.

२९ मार्च १९७९ ची रात्र

वॉल्श आणि बॉब कार्सवेल हे अमेरिकेतील किट पीक डोंगरावरील २.१ मीटरच्या दुर्बिणीकडे आले. या ठिपक्यांवरून वॉल्श यांची डेरेक विल्स या सहकाऱ्याशी गमतीची पैज लागली होती. दोन्ही ठिपके क्वासार निघाले तर विल्स यांनी एक डॉलर द्यायचा!

त्या रात्री त्यांनी पहिल्या ठिपक्याचा प्रकाश घेऊन त्याचा वर्णपट काढला. इंद्रधनुष्यात उजेडाचे रंग अलग होतात, तसे रंग अलग करून पाहणे म्हणजे वर्णपट. त्यात त्या त्या मूलद्रव्याच्या खुणा दिसतात आणि वस्तू जितकी दूर तितक्या त्या खुणा लाल रंगाकडे सरकतात. पहिला ठिपका क्वासार निघाला. मग दुसऱ्याचा वर्णपट काढला. तोही क्वासार आणि खुणा त्याच, सरकल्याही तेवढ्याच! दुर्बीण चुकून पुन्हा पहिल्याच ठिपक्यावर लागली की काय, अशी शंका त्यांना आधी आली. खात्री केली. दुर्बीण बरोबर होती. रे वायमन यांनी दुसऱ्या दुर्बिणीने अधिक बारकाईने तपासले, तरी उत्तर तेच.

दोन ठिपक्यांमधले अंतर ५.७ विकला. पंचांग पाहणाऱ्यांना अंश, कला, विकला ठाऊक असतात. एका अंशाच्या साठ कला आणि एका कलेच्या साठ विकला. रुपयाचे नाणे पाऊण-एक किलोमीटरवरून जेवढे दिसेल, तेवढे हे अंतर. क्वासार मुळातच विरळा. दोन क्वासार इतके जवळ असावेत, इतकेच दूर असावेत आणि त्यांच्या खुणाही हुबेहूब असाव्यात? माझ्या दोन पिशव्यांसारखीच ही गोष्ट होती. फरक एवढाच की मी शंका घेतली नाही आणि त्यांनी घेतली.

३१ मे १९७९ च्या 'नेचर' या नियतकालिकात तिघांनी लिहिले की हे दोन क्वासार नसून एकाच क्वासारच्या दोन प्रतिमा असाव्यात.

उजेडाची वाट वाकते कशी?

उन्हाळ्यात भर दुपारी डांबरी रस्त्यावर पुढे पाणी साचल्यासारखे दिसते. जवळ गेले की काहीच नसते. तापलेल्या हवेतून येताना उजेडाची वाट वाकते, म्हणून आकाशाचा उजेड आपल्याला जमिनीवर दिसतो. आइन्स्टाइन यांनी सांगितले की जड वस्तूजवळून जातानाही उजेडाची वाट वाकते. २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याजवळच्या ताऱ्यांच्या जागा मोजून ते खरे असल्याचे दाखवण्यात आले.

दूरचा क्वासार आणि आपण यांच्या बरोबर मध्ये एखादी जड दीर्घिका आली, तर क्वासारचा उजेड तिच्या दोन्ही बाजूंनी वळून आपल्याकडे येऊ शकतो. मग एकाचे दोन दिसतात, कधी चार, तर कधी बांगडीसारखे कडे. याला गुरुत्वीय भिंग म्हणतात. १९३६ मध्ये आइन्स्टाइन यांनी यावर छोटा लेख लिहिला, पण एका ताऱ्यामुळे घडणारा असा प्रकार प्रत्यक्ष दिसण्याची आशा त्यांना नव्हती. पुढच्याच वर्षी फ्रिट्झ झ्विकी यांनी सांगितले की ताऱ्याऐवजी अख्खी दीर्घिका भिंग बनली तर दिसू शकेल. ते दिसायला १९७९ साल उजाडले.

घरी मुलांना एक प्रयोग करून दाखवा. कागदावर शाईचा ठिपका काढा आणि जाड बुडाचा काचेचा पेला त्यावर हळूहळू सरकवत वरून पाहा. ठिपका लांबट होतो, फाकतो, कधी दोन दिसतात.

विरोधी साक्ष

पण प्रकरण एवढ्यावर मिटले नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात अनेक ताटल्या एकत्र जोडलेल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीने या जोडीकडे पाहण्यात आले. ताटल्या दूर दूर ठेवून जोडल्या की नजर तीक्ष्ण होते. खोडदच्या ताटल्याही त्याच तत्त्वावर २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात मांडल्या आहेत. रेडिओच्या त्या तीक्ष्ण चित्रात दोन्ही ठिपके स्पष्ट दिसले. पण एका ठिपक्यातून रेडिओ लहरींचे लांब फवारे निघालेले होते आणि दुसऱ्याला तसे काहीच नव्हते!

आता काय म्हणावे? एकाच क्वासारच्या दोन प्रतिमा असतील तर दोन्हींना फवारे हवेत. दोन जुळ्या भावांतील एकालाच दाढी असावी, तसे झाले.

ही विरोधी साक्ष शास्त्रज्ञांनी दडपली नाही, तिचे कारण शोधले. भिंगाच्या बरोबर मागे, ठरावीक जागेत जे असते त्याचीच दुसरी प्रतिमा तयार होते. क्वासारचा मधला भाग त्या जागेत होता, म्हणून तो दोनदा दिसला. फवारे त्या जागेच्या बाहेर पसरले होते, म्हणून ते एकदाच दिसले. दरम्यान भिंग बनलेली दीर्घिकाही सापडली, दुसऱ्या ठिपक्याला अगदी लागून. पुढे हजारो किलोमीटर दूर असलेल्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून दोन्ही ठिपक्यांच्या गाभ्यांचे चित्र घेतले, तेव्हा दोन्हींत एकसारखाच गाभा आणि त्यातून निघालेला एकसारखाच बारीक फवारा आढळला. एक दुसऱ्याचे आरशातील प्रतिबिंब असावे, तसा.

४१७ दिवसांचा पाट

शेवटची आणि सर्वांत पक्की साक्ष काळाची. आपल्या भाषेत सांगतो. धरणातून कालव्याला पाणी सोडले. पुढे कालव्याच्या दोन चाऱ्या झाल्या, एक जवळची आणि एक वळसा घालून जाणारी. दोन्हींचे पाणी एकाच कालव्याचे आहे हे ओळखायचे कसे? वर पाणी गढूळ झाले की जवळच्या चारीत गढूळ पाणी आधी येईल आणि लांबच्या चारीत काही वेळाने तेच येईल. प्रत्येक वेळी तेवढ्याच फरकाने.

क्वासारचा उजेडही कमीजास्त होत असतो. एकाच क्वासारचा उजेड दोन वाटांनी येत असेल, तर एका ठिपक्यात झालेला बदल ठरावीक दिवसांनी दुसऱ्यात दिसला पाहिजे. ही कल्पना नॉर्वेचे शूर रेफ्सडाल यांनी १९६४ मध्येच मांडली होती. असा फरक मोजला तर विश्व किती वेगाने फुगते आहे याचाही हिशोब करता येतो, असे त्यांनी दाखवले होते.

शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे नोंदी ठेवत गेले. पण उत्तर जुळेना. कोणी म्हणे फरक ४१५ दिवसांच्या आसपास, कोणी म्हणे ५४० च्या आसपास. डिसेंबर १९९४ मध्ये पहिल्या ठिपक्याचा उजेड एकाएकी थोडा घसरला. टोमिस्लाव कुंडिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच जाहीर केले की पहिला पक्ष खरा असेल तर दुसरा ठिपका फेब्रुवारी १९९६ मध्ये घसरेल आणि दुसरा पक्ष खरा असेल तर जूनमध्ये. मग सगळे वाट पाहत बसले. फेब्रुवारी १९९६ आला आणि दुसऱ्या ठिपक्याचा उजेड तसाच घसरला! फरक निघाला ४१७ दिवसांचा. रेडिओच्या नोंदींवरूनही पुढे जवळपास तेवढेच उत्तर आले.

वाचकहो, हा उजेड क्वासारपासून निघून आपल्याकडे पोचायला सुमारे ९०० कोटी वर्षे लागली. तो निघाला तेव्हा आपली पृथ्वी जन्मलीही नव्हती. एवढ्या प्रवासात दोन वाटांमध्ये फरक पडला तो चौदा महिन्यांचा. आणि तो माणसाने मोजला.

पाखडणी

एक सापडल्यावर आणखी शोध सुरू झाला. १९८८ मध्ये जॅकलिन ह्युइट आणि सहकाऱ्यांनी रेडिओ दुर्बिणीने पहिले पूर्ण कडे सापडल्याचे जाहीर केले. पुढे 'क्लास' नावाच्या मोठ्या पाहणीत सोळा हजारांवर रेडिओ उगम एकेक करून पाहिले गेले. पद्धत आपल्या धान्य पाखडण्यासारखीच. पहिली चाळणी जाड: एकाऐवजी दोन-चार ठिपके दिसतात का? जे उरले त्यांना बारीक चाळणी: अधिक तीक्ष्ण दुर्बिणीने पाहिल्यावर ठिपके तसेच राहतात, की एक गाभा आणि दुसरा त्यातून निघालेला फवारा निघतो? मग आणखी बारीक: निरनिराळ्या लांबीच्या रेडिओ लहरींवर दोन्हींचे प्रमाण सारखेच राहते का? सगळ्या चाळण्यांतून शेवटी २२ गुरुत्वीय भिंगे हाती आली. सोळा हजारांतून बावीस!

यासाठी रेडिओच का, असे तुम्ही विचाराल. अवकाशात धूळ असते आणि ती उजेड अडवते, रंग बिघडवते. रेडिओ लहरींना ती अडवत नाही. याचे उत्तम उदाहरण एका भारतीय शोधात आहे. धनू राशीच्या दिशेला, आपल्या आकाशगंगेच्या दाट धुळीमागे, पीकेएस १८३०-२११ नावाचा जोरदार रेडिओ उगम आहे. १९८८ मध्ये प्रमेश राव आणि रवी सुब्रह्मण्यन या आपल्या शास्त्रज्ञांनी दाखवले की तो एक नसून दोन सारखे ठिपके आहेत आणि हा गुरुत्वीय भिंगाचा प्रकार असू शकतो. १९९१ मध्ये इतर देशांतील शास्त्रज्ञांनी तेथे कडे असल्याचे प्रसिद्ध केले आणि आपल्या माणसांची शंका खरी ठरली. प्रमेश राव यांनी पुढे खोडदच्याच दुर्बिणीवर काम केले. ही दुर्बीण गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिली.

शेतकऱ्याला याचा काय उपयोग?

हे काम केल्याने गव्हाचे एक पोतेही वाढत नाही. ते मी प्रामाणिकपणे सांगतो. पण या भिंगांवरून दीर्घिकांचे वजन कळते. दिसणारे तारे आणि वायू मिळून जेवढे भरेल, त्यापेक्षा ते कितीतरी जास्त निघते. म्हणजे विश्वात न दिसणारा पदार्थ फार मोठ्या प्रमाणात आहे. आपण कोठे राहतो हे माणसाला कळायला नको का?

आणि पद्धत तर थेट आपल्या कामाची आहे. साम्य दिसले की शंका घ्या. न जुळणारी नोंद फाडून टाकू नका. उलटी साक्ष आली तर तिचे कारण शोधा. आणि आपण बरोबर आहोत असे वाटत असेल तर आधी सांगून ठेवा आणि काळाकडून खरे करून घ्या. नवे बियाणे असो की नवे औषध, अशी पारख करणारा शेतकरी सहसा फसत नाही.

एक विनंती खोडदच्या आसपासच्या बांधवांना. विजेच्या तारेचा सैल जोड, मोटारीच्या पेटीत उडणारी ठिणगी यांतूनही रेडिओ लहरी निघतात आणि आकाशातील अतिशय क्षीण आवाज त्यांत बुडून जातो. जोड घट्ट करून घेतले तर दुर्बिणीचे काम सुकर होते आणि तुमची मोटारही जळत नाही.

आता आबांच्या प्रश्नाचे उत्तर. आबा, नुसते ऐकून खरेखोटे ठरवता येत नाही, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. म्हणून एकदा ऐकून कोणी थांबत नाही. पुन्हा ऐकतात, दुसऱ्याकडून ऐकवतात, डोळ्यांनी पडताळतात आणि तेवढ्यानेही भागले नाही तर वर्षभर थांबतात.

येत्या फाल्गुन-चैत्रात रात्री अंगणात बसाल तेव्हा उत्तरेला सप्तर्षी दिसतील. तो क्वासार त्याच भागात आहे. नुसत्या डोळ्यांनी तो दिसणार नाही. पण घरातल्या मुलांना तिकडे बोट करून सांगा की त्या तिथे एकाच दिव्याचे दोन उजेड आहेत.